घड्याळातला किलोमीटर

काही वर्षांपूर्वी मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ चढत होतो. शेजारी पंचविशीतला एक मुलगा धावत होता. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने किलोमीटर पुरा झाल्याची घंटी वाजवली, आणि रस्त्याकडेची पाटी तर अजून नजरेच्या टप्प्यातही नव्हती. पोरगा पार हिरमुसला. "काका, आयोजकांनी अंतर जास्त मोजलंय," म्हणाला. त्याला चार तासांच्या आत पोचायचं होतं. तेव्हा माझ्यात बोलायचा दम नव्हता. त्याला सांगायचं राहून गेलं, ते आज तुम्हांला सांगतो.

मॅरेथॉनचा अधिकृत रस्ता सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला एक काउंटर बसवलेला असतो, चाक किती फिरलं ते तो मोजतो. आधी पोलादी टेपने मापलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवतात. काम संपलं की त्याच पट्ट्यावर पुन्हा तपासतात, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि हिशेब बदलतो. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून, सगळ्यांत जवळच्या वाटेने मोजायचं. एवढं करून दर किलोमीटरला एक मीटर वर टाकायचा. भाजीवाली तोलून झाल्यावर वर चार मिरच्या टाकते, तसा. का, तर रस्ता चुकूनही कमी भरू नये.

आपण मात्र त्या जवळच्या वाटेने कुठे धावतो? गर्दीतून बाजूने निघतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळण बाहेरून घेतो. तेव्हा घड्याळातलं थोडं जास्तीचं अंतर आपण खरोखरच धावलेलं असतं. उरलेलं घड्याळाचं.

घड्याळ रस्ता मोजत नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून ते आपली जागा काढतं. संदेश येतो प्रकाशाच्या वेगाने, म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर! मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर इकडेतिकडे होतातच. पेडर रोडवर तर उंच इमारती. संदेश भिंतीवर आपटून येतो, उशिरा पोचतो, आणि घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या इमारतीत आहोत. पुढच्या क्षणी पुन्हा रस्त्यावर. घरी येऊन नकाशा मोठा करून पाहा, सरळ रस्त्यावर वेडीवाकडी रेघ दिसेल. वाकडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरणार. उलट ४०० मीटरच्या ट्रॅकवर किंवा डोंगरातल्या वळणावळणाच्या वाटेवर घड्याळ वळणं कापू शकतं आणि अंतर कमी दाखवू शकतं. नव्या घड्याळांत दोन लहरींवर संदेश घेण्याची सोय आली आहे, इमारतींत तिचा चांगला उपयोग होतो. बोगद्यात मात्र संदेशच पोचत नाही.

आता चार तासांचा हिशेब पाहू. त्यासाठी दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद हवीत. घड्याळ शंभरात एक जास्त मोजत असेल, तर ते मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर दाखवेल तेव्हा फिनिश लाईन अजून सुमारे ४२० मीटर पुढे असेल. म्हणजे जवळजवळ अडीच मिनिटं. सहा महिने पहाटे उठून केलेली मेहनत तिथे निसटते, आणि पायांत बळ असूनही निसटते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझ्या धावणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. घड्याळ जरूर घाला. निघण्यापूर्वी मोकळ्या जागी दोन मिनिटं उभे राहा, उपग्रह सापडू द्या. पण शर्यतीच्या दिवशी किलोमीटरची आपोआप वाजणारी घंटी बंद ठेवा. पाटी आली की स्वतः लॅपचं बटण दाबा. दर पाटीला किती वेळ झालेला हवा, ते आदल्या रात्री एका कागदावर लिहून मनगटाला बांधा. आणि पाटी व घड्याळ यांचं जुळलं नाही, तर पाटीचं ऐका.