गळ्यातला पट्टा

माघातील एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. जबलपूरहून कुंडमकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत एका मराठी गृहस्थांची शेती आहे. घर शहरात, राइट टाउनमध्ये. पण सेवानिवृत्तीनंतर त्यांचे मन आणि बहुतेक दिवस शेतावरच जातात. सोबतीला मोत्या नावाचा कुत्रा आहे. मराठवाड्यातील एका आप्ताने दिलेला, कारवानी रक्ताचा, निमुळत्या तोंडाचा आणि लांब पायांचा. त्या संध्याकाळी बांधावरून एक ससा उठला, मोत्या त्याच्यामागे सुटला, नाला ओलांडून सागाच्या रानात शिरला आणि दिसेनासा झाला. हाका झाल्या, कंदील झाले, मोटारीचे दिवे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो लंगडत परत आला. पंजा फाटलेला होता आणि मानेवर काट्यांचे ओरखडे होते.

ही वार्ता अमेरिकेतील पुतण्याच्या कानी गेली, तेव्हा त्याचा सल्ला तयारच होता. "काका, इथे शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. कुत्रा कुठे आहे ते हातातल्या यंत्रावर दिसते. येताना घेऊन येतो, तुम्ही फक्त हो म्हणा." किंमत पन्नास हजार रुपयांच्या पुढे जाणारी होती. गृहस्थांनी लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पट्टा घ्यावा की न घ्यावा, एवढाच हा प्रश्न. पण तो उलगडू लागले की त्याच्या पोटातून यंत्राचा, कायद्याचा, रानाचा आणि माणसाच्या जबाबदारीचा असे चार प्रश्न बाहेर पडतात.

प्रथम यंत्राचा विचार. या पट्ट्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. आकाशातील उपग्रह खाली पाहतात आणि कुत्रा कोठे आहे ते मालकाला कळवतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उपग्रहाला कुत्र्याची काहीच वार्ता नसते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह केवळ आपली वेळ आणि आपले स्थान उच्चारत असतात. पट्ट्यातील ग्राहक किमान चार उपग्रहांचे हे बोल ऐकतो, प्रत्येकाला पोहोचण्यास किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून स्वतःचा ठावठिकाणा काढतो. या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला, व्यवस्था १९९५ मध्ये पूर्णत्वास गेली आणि नागरी उपयोगासाठी त्यात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तेव्हापासून सामान्य माणसालाही काही मीटरांपर्यंतची अचूकता लाभली.

परंतु येथवर झाले ते एवढेच, की आपण कोठे आहोत हे पट्ट्याला समजले. मालकाला ते समजायचे असेल, तर पट्ट्याने ते कळवले पाहिजे. त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, पट्ट्यातील बिनतारी यंत्राने मालकाच्या हातातील यंत्राशी थेट बोलणे. दुसरा, मोबाइलच्या जाळ्यातून संदेश धाडणे. परदेशी शिकारी वापरतात तो पट्टा बहुधा पहिल्या जातीचा. मोकळ्या सपाटीवर त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर पोहोचतो, असे निर्माते सांगतात. पण सातपुड्याच्या आणि मैकलच्या रानात सपाटी कोठे? टेकडी आड आली, नाल्याचा खोलगट भाग आला, पावसाने ओथंबलेली झाडी आली, की तो पल्ला झपाट्याने घटतो. आणि कुत्रा हरवतो तो नेमका अशाच जागी.

बिनतारी विद्या जबलपूरला नवी नाही. सैन्याच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे आणि तारायंत्र-दूरध्वनीची विद्या शिकवणारी संस्थाही येथे अनेक दशके नांदते आहे. अशा शहरातील माणसाला हे सांगावयास नको, की आकाशातील लहरी म्हणजे ओसाड गायरान नव्हे. कोणत्या वारंवारतेवर कोणी बोलावे, याचे प्रत्येक देशाचे नियम असतात. अमेरिकेत कुत्र्यांचे पट्टे १५१ ते १५४ मेगाहर्ट्झच्या दरम्यान बोलतात, कारण तेथे ती जागा त्यांना मोकळी ठेवली आहे. भारतात विनापरवाना वापरासाठी खुल्या ठेवलेल्या वारंवारता निराळ्या आहेत. तेव्हा सामानातून आणलेली वस्तू तेथे निर्दोष असली, तरी येथे तिच्यासाठी शासनाची अनुमती आवश्यक ठरू शकते. पुतण्याच्या प्रेमळ भेटीचा हा पैलू त्याच्याही ध्यानात आला नव्हता.

यानंतर मानेचा विचार. पट्टा गळ्यात बसतो आणि गळा जिवंत असतो. वन्य प्राण्यांना असा पट्टा घालताना त्याचे वजन प्राण्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. पंचवीस किलोच्या कुत्र्याला अडीच-तीनशे ग्रॅमचा पट्टा या हिशेबाने जड नाही. तथापि वजन हीच एक कसोटी नव्हे. २०२२ च्या १७ सप्टेंबरला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात काही चित्त्यांच्या मानेवर पट्ट्याखाली जखमा आढळल्या, त्यांत अळ्या पडल्या आणि काही चित्ते दगावले. मग उरलेल्यांचे पट्टे काढून त्यांची तपासणी आणि उपचार करावे लागले. ओलसर हवेत, दाट केसांखाली, सतत घासणारी वस्तू काय करू शकते, याचा तो धडा होता. चित्त्याला पट्टा घालणे ही अपरिहार्यता होती. कुत्र्याचा पट्टा मात्र मालक रोज संध्याकाळी काढून मान पुसून ठेवू शकतो. तो काढावाच लागतो, कारण दर काही सेकंदांनी स्थान कळवणाऱ्या पट्ट्याची विजेरी एक-दोन दिवसांतच संपते. मोत्या तिसऱ्या दिवशी परत आला होता, हे येथे विसरता येत नाही.

चित्त्याचा उल्लेख आला, तेव्हा एक जुनी आठवण सहजच पुढे येते. हाच प्राणी एके काळी शिकारी कुत्र्याप्रमाणे गळ्यात पट्टा घालून वागवला जात असे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींच्या काळी शिकारी चित्त्यांचा मोठा सरंजाम होता. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यावयाचा आणि काळवीट दृष्टीस पडले की टोपी काढून त्याला सोडावयाचे, अशी ती रीत होती. मुधोळच्या घोरपड्यांनी ज्या शिकारी कुत्र्यांचे संगोपन केले, त्यांची कीर्ती तर आजही टिकून आहे. २००५ साली त्या जातीचे चित्र भारतीय टपाल तिकिटावरही झळकले. मोत्या त्याच गोतातला. पण काळवीट उणे झाले, माळ नांगराखाली गेले, आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे मान्य करावे लागले. गळ्यातला पट्टा एकेकाळी मारण्यासाठी होता. आज तोच चित्त्याच्या गळ्यात राखण्यासाठी आहे. सत्तर वर्षांत पट्ट्याचा अर्थ असा उलटा झाला.

कायद्याचा प्रश्न येथेच उभा राहतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीने तीही पद्धत संपुष्टात आणली. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, हाकारा करणे, आमिष दाखवणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करवणे, इतकेच नव्हे तर या सर्वांचा प्रयत्न करणे, हेही शिकारीतच मोडते. ससा लहान, म्हणून तो कायद्याच्या छत्राबाहेर नाही. याचा अर्थ स्वच्छ आहे. परदेशात ज्या कामासाठी हा पट्टा घडवला गेला, ते कामच येथे वैध नाही. कुत्रा चुकून सुटला ही गोष्ट वेगळी आणि तो सुटणारच, मागोवा घेण्याचे साधन हाताशी आहे, असे म्हणून त्याला मोकळा ठेवणे ही वेगळी. पन्नास हजारांचे यंत्र कमरेला लावून रानाच्या कडेने फिरणाऱ्या माणसाने "माझा हेतू तसा नव्हता" असे म्हटले, तर ते कोणाला पटावे?

मग पट्ट्याचा खरा उपयोग कोणता? जबलपूरच्याच परिसरात त्याचे एक उत्तम उदाहरण घडलेले आहे. २००९ साली पन्नाच्या व्याघ्र प्रकल्पात वाघ उरला नव्हता. म्हणून बांधवगड आणि कान्हा येथून माद्या आणल्या गेल्या आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पेंचमधून एक नर आणला गेला. हा नर पन्नात रमला नाही. तो दक्षिणेकडे, आपल्या पेंचच्या दिशेने चालू लागला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा माग लागला. वनकर्मचारी आणि हत्ती सुमारे महिनाभर शेतांतून, नद्यांवरून, वस्त्यांच्या कडेने त्याच्या मागे राहिले आणि डिसेंबरच्या अखेरीस दमोहच्या बाजूला त्याला बेशुद्ध करून पन्नात परत आणले गेले. पुढल्या एप्रिलमध्ये पन्नात बछडे जन्मास आले. पट्ट्याने वाघ परत आणला असे आपण सहज म्हणतो. पण पट्ट्याने केवळ वाघ कोठे आहे ते सांगितले. त्याला परत आणले ते थंडीत महिनाभर पायपीट करणाऱ्या माणसांनी.

हे सारे गृहस्थांनी मनाशी जुळवले आणि निर्णय नकाराकडे झुकू लागला. पण घरात दुसरेही एक मन होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, कायदा खरा आणि लहरी खऱ्या. पण त्या दोन रात्री तो मुका जीव कुठे पडला असेल, या विचाराने मी दारात बसून होते. कळण्याचा काही उपाय असेल तर तो नको का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. या भागात बिबळ्याचा वावर आहे. शहराला लागून असलेल्या डुमना परिसरातही तो आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. उलटपक्षी, रानात शिरलेला कुत्राही रानाला निरुपद्रवी नसतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत मृत्यूची साथ आली, तेव्हा त्यांच्यात श्वानांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला होता. लस न टोचलेला एक कुत्रा नाल्यापलीकडे जातो, तेव्हा तो एकटा जात नाही.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी एक साधी गोष्ट केली. हातात मोबाइल घेऊन ते शेताच्या कडेकडेने चालले आणि जाळे कोठे मिळते, कोठे तुटते, याच्या खुणा त्यांनी कागदावर मांडल्या. घरापाशी ते नीट मिळत होते, बांधावर मिळत होते, नाल्याच्या काठी क्षीण झाले आणि पलीकडच्या सागवनात संपूर्ण नाहीसे झाले. त्या कागदाने प्रश्नाचा निकाल लावला. मोबाइलच्या जाळ्यावर चालणारा, येथेच मिळणारा, काही हजारांचा लहान पट्टा रानातील कुत्रा शोधून देऊ शकणार नव्हता. पण शेताची मर्यादा आखून दिली, तर कुत्रा ती ओलांडतो आहे, एवढी सूचना नाल्याच्या अलीकडेच मिळू शकत होती. ती मिळावयास मिनिट-दोन मिनिटे लागतील, हेही खरे. परंतु त्या वेळात नाल्याच्या काठी पोहोचणारा माणूस असेल, तर ती पुरेशी आहे. आणि माणूसच नसेल, तर पन्नास हजारांचा पट्टाही अपुरा आहे.

तेव्हा पुतण्याला कळवण्यात आले, की शिकारी पट्टा आणू नये. लहान पट्टा घेतला गेला आणि त्याच्या कडीला दूरध्वनीचा क्रमांक कोरलेली पितळेची चकतीही अडकवली गेली. विजेरी संपली तरी पितळ बोलत राहते. वाचलेल्या पैशांतून नाल्याच्या बाजूला कुंपण झाले. जबलपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन मोत्याला रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी टोचून घेतल्या गेल्या. आणि रोज सकाळी, शिळेच्या खुणेवर अर्ध्या वाटेतून मागे वळण्याचा पाठ सुरू झाला. हा पाठ सर्वांत अवघड ठरला. धावणे ज्याच्या रक्तात शतकानुशतके मुरवले, त्याला थांबणे शिकवायचे म्हणजे पूर्वजांनी घातलेली सवय मोडावयाची. महिनाभर मोत्याने शीळ ऐकली आणि न ऐकल्यासारखे केले.

चैत्रातील एका सायंकाळी बांधावरून पुन्हा ससा उठला. मोत्या सुटला. गृहस्थांच्या खिशातील यंत्र वाजण्यापूर्वीच शेतावरच्या म्हाताऱ्या गोंड राखणदाराने तोंडात दोन बोटे घालून शीळ घातली. नाल्याच्या काठाशी मोत्या क्षणभर थबकला. पलीकडे सागाचे रान होते आणि अलीकडे ओळखीची शीळ होती. मग तो वळला आणि जीभ बाहेर काढून, नाइलाजाने, सावकाश परत आला. गृहस्थांनी त्याच्या गळ्यातला पट्टा सैल केला आणि खालची मान हाताने चाचपून पाहिली. मान कोरडी होती.