पाहुण्यांच्या आधी घरचे
(मंडळाच्या व्याख्यानात केलेले भाषण)



कंपनीतल्या समारंभांचे नियोजन कसे करतात, यावर बोला, असे कार्यवाहांनी सांगितले. बडोद्याच्या कारखान्यांत मी हे काम बरीच वर्षे केले, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. मंडप, फुले, जेवण यांवर मी बोलणार नाही. त्यातले आपले कार्यकर्ते माझ्याहून जास्त जाणतात. बोलायचे आहे ते घरच्या माणसांबद्दल. माझ्या पाहण्यात कंपनीचा समारंभ बाहेरच्या पाहुण्यांमुळे क्वचितच बिघडला. हिशेब खाते, सुरक्षा विभाग, कॅन्टीन, कामगार संघटना यांपैकी कुणाला तरी उशिरा विचारले, म्हणून बिघडला.

एका कारखान्यात पंचवीस वर्षे नोकरी झालेल्यांचा सत्कार ठरला होता. वेळ संध्याकाळी सहाची, कारण मोठ्या साहेबांना रात्रीच्या विमानाने परतायचे होते. पत्रिका छापून झाल्यावर संघटनेचे पुढारी ती हातात घेऊन आले. कारखाना तीन पाळ्यांचा: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. सहा वाजता दुसरी पाळी यंत्रांवर, आणि काही सत्कारमूर्ती त्याच पाळीत! त्यांना तासभर सोडू, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. पुढारी शांतपणे म्हणाले, "साहेब, तेलाच्या कपड्यांत बायकामुलांसमोर शाल घ्यायची का? आणि शेजारच्या यंत्रावरच्या ज्या माणसाबरोबर पंचवीस वर्षे डबा खाल्ला, त्याने टाळ्या कुठून वाजवायच्या?" दोन दिवसांत काहींनी शाल नको, असे कळवले.

शेवटी समारंभ साप्ताहिक सुटीच्या दिवशी सकाळी झाला. पत्रिका पुन्हा छापल्या, साहेब आदल्या रात्री मुक्कामाला आले. खर्च वाढला, पण माणसे सहकुटुंब आली. कोण कुठल्या पाळीत आहे, याचा तक्ता उत्पादन विभागाच्या भिंतीवर लावलेलाच असतो. तिथे एक चहा घेतला असता, तर हे महिनाभर आधी कळले असते.

म्हणून पहिल्या बैठकीत तयार कार्यक्रम मांडू नये. त्याआधी प्रत्येकाच्या टेबलापाशी जावे. "तुमची हरकत नाही ना?" असे विचारले की सगळे मान डोलावतात आणि आठवडा उरला की हरकती निघतात. त्यापेक्षा "हा कार्यक्रम तुम्हाला कशासाठी थांबवावा लागेल?" असे विचारावे. मग सुरक्षा अधिकारी सांगतो, की मंडपाच्या बांबूंनी बंबाचा रस्ता अडतोय आणि मुलांना यंत्रांच्या बाजूला फिरकू देता येणार नाही. कॅन्टीनवाला सांगतो, की त्या दिवशीही पाळीचे जेवण त्यालाच करायचे आहे, शिवाय कांदा-लसूण-बटाटा न खाणाऱ्यांचा स्वयंपाक वेगळा. हे अडथळे त्यांच्या कामातूनच आलेले असतात. त्यांना आडमुठे म्हणू नये.

ऐकावे सगळ्यांचे, ठरवावे मात्र एकानेच, आणि तो कोण हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे. तोंडी ठरलेले त्याच संध्याकाळी दोन ओळींत सगळ्यांना कळवावे. व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा क्रम हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, तो पुढच्या वर्षी!

राहिले हिशेब खाते. त्यांच्याकडे लोक बिले घेऊनच जातात. मी अंदाजपत्रकाच्या आधी जात असे. केटरर नोंदणीकृत लघुउद्योजक असेल, तर २००६च्या कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिले तरी, त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. आता तर उशीर केला, की प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च कंपनीला आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे बिलावर सही कोण करणार आणि तो माणूस समारंभानंतर रजेवर तर जाणार नाही ना, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. केटररला पुढच्या वर्षीही बोलवायचे असते.