बंद खोलींतील शेगडी



मावळांत पाऊस लागला म्हणजे कामशेतच्या भिंतींना ओल सुटते, अंथरुणें गारठतात आणि घरांत कोळशाची शेगडी येते. दारें-खिडक्या लागतात. धूर सरून निखारे लाल झाले कीं आतां भय नाहीं असें समजून माणसें निजतात. खरें भय तेव्हांच सुरू होतें. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो डोळ्यांत झोंबतहि नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. म्हणून श्वास चालू असतांहि शरीर प्राणवायूस मुकतें. बंद न्हाणीघरांतील गॅसचा बंब आणि पवनेकांठच्या तंबूंत ओढलेली शेगडी यांचाहि धोका हाच.

डोकें दुखणें, मळमळ, भोंवळ हीं पहिलीं लक्षणें. एकाच खोलींतील दोघांतिघांस तीं एकदम झालीं, तर जेवणास दोष न देतां शेगडीकडे पाहावें.

अशा वेळीं आपण कांदा हुंगवितों, तोंडावर पाणी मारतों, घोंगडी घालून तेथेंच निजवितों. हा सारा उपचार त्याच विषारी हवेंत चालतो आणि उपचार करणाराहि कोसळतो. म्हणून प्रथम दारें-खिडक्या शक्य तर बाहेरूनच सताड उघडाव्या. आंत शिरणें भागच पडलें, तर दाराशीं दुसरा मनुष्य उभा करून, श्वास रोखून, रोग्यास झटपट मोकळ्या हवेंत ओढावें. लगेच १०८ ला दूरध्वनि करून बंद खोलींत शेगडी होती हें स्पष्ट सांगावें. शुद्ध नाहीं पण श्वास नीट चालू आहे, तर कुशीवर निजवावें. तोंडांत कांहीं घालूं नये. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाबावें.

खरें औषध प्राणवायु. साध्या हवेंत रक्तांतील हें विष निम्म्यावर येण्यास ४ ते ५ तास लागतात. घट्ट मुखवट्यांतून शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें दीड तास. बोटास लावण्याचा साधा ऑक्सिमीटर येथें फसवितो. विषानें व्यापलेलें रक्तहि तो निरोगी दाखवितो. आंकडा ९८ दिसला तरी रुग्णालय टाळूं नये. गरोदर स्त्रीस तर बरें वाटलें तरी न्यावें, कारण गर्भास धोका अधिक. पुढें कांहीं दिवसांनीं विसर पडूं लागला किंवा चालतांना तोल जाऊं लागला, तर पुन्हां वैद्यास दाखवावें.

ऊब ही पावसाळ्याची गरज आहे. तीस दोष नाहीं. परंतु निजण्यापूर्वीं शेगडी उंबऱ्याबाहेर ठेवावी. तेवढ्या श्रमानें सारें घर सकाळीं सुखरूप उठतें.