मीठभाकर आणि वर्क फ्रॉम होम

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फर्मावलं, "तू कॉम्प्युटरवाली, नोकरीधंद्याबद्दल काहीतरी उपयोगाचं बोल." म्हणून आठवणी बाकीच्यांवर सोपवते. सुरुवात मात्र नववीच्या मराठीच्या तासापासूनच करते.

बाईंनी फळ्यावर 'मीठभाकर' लिहून विग्रह विचारला होता. मी ऐटीत उठून म्हणाले, "मीठ आणि भाकर." बाई म्हणाल्या, "आणि 'वगैरे' कुठं गेलं?" समाहार द्वंद्व! मीठ, भाकर वगैरे. चाचणीतही मी तेच लिहिलं आणि अर्धा गुण घालवला. त्या अर्ध्या गुणाची खरी किंमत मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळली.

त्या वर्षी आई इथल्या घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. बाबा नाहीत आणि मी एकुलती एक. मी पुण्यात नोकरीला. लॉकडाउनपासून आम्ही घरून काम करत होतो, पण कंपनीनं आठवड्याला तीन दिवस ऑफिसला बोलवायला सुरुवात केली होती. मी राजीनामा दिला आणि 'रिमोट' लिहिलेल्या जाहिराती शोधायला लागले. दीड महिन्यात नोकरी मिळाली. जाहिरातीत 'रिमोट', मुलाखतीतही 'रिमोट'. मी मुलीला घेऊन इथं राहायला आले, तिचं नाव आपल्याच शाळेत घातलं. नवरा शनिवार-रविवार येऊ लागला. घडी बसली असं वाटलं.

चौथ्या महिन्यात मेल आला : एक तारखेपासून बंगळुरूच्या ऑफिसात हजर व्हा. भांडायचं म्हणून मी करारपत्र उघडलं. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं : 'बेस लोकेशन बंगळुरू, सध्या रिमोट.' खाली माझी सही. बंगळुरूला जायचं तर आईला कोणाच्या भरवशावर ठेवायचं? तिच्या कॉटशेजारी बसून मी दुसरा राजीनामा लिहिला. वीस वर्षं लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या बाईनं स्वतःच्या करारपत्रातलं 'वगैरे' वाचलं नव्हतं.

त्यानंतर मी प्रत्येक जाहिरातीचा वहीत विग्रह करायला लागले. तीन प्रश्न ठरवले : कुठून? कोणाच्या घड्याळानं? आणि कोण म्हणून?

पहिला प्रश्न, कुठून. 'रिमोट' हे नुसतं विशेषण आहे, त्यानं मुदत कळत नाही. म्हणून 'सध्या' की 'कायम' हे लेखी विचारायचं आणि करारपत्रात बेस लोकेशन काय आहे ते बघायचं. 'हायब्रिड' असेल तर आठवड्याला किती दिवस, कोणत्या शहरात आणि ते दिवस ठरवणार कोण? 'रिमोट-फर्स्ट' म्हणजे कुणीच ऑफिसात नाही असं धरून कामाची पद्धत बसवलेली. 'रिमोट-फ्रेंडली' म्हणजे बहुतेक वेळा ऑफिस हेच मुख्य, तुम्हाला घरून करायची सवलत. अशा ठिकाणी निर्णय चहाच्या टेबलावर होतात आणि आपल्याला ते दुसऱ्या दिवशी कळतात. 'रिमोट, यूएस ओन्ली' लिहिलं असेल तर अर्ज करण्यात वेळ घालवू नका. करांचे आणि कामगार कायद्यांचे नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे कंपन्या अशी अट घालतात. आणि 'वर्क फ्रॉम होम' म्हणजे 'वर्क फ्रॉम एनीवेअर' नव्हे. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाऊन तिथून काम करायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. 'फोर आवर्स ओव्हरलॅप विथ ईस्टर्न टाइम' हे वाचायला किरकोळ वाटतं. गणित करा. न्यूयॉर्कचे सकाळी नऊ ते दुपारी एक म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं एक तास मागं गेली की आपले साडेसात ते साडेअकरा. कॅलिफोर्निया असेल तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा. 'एसिंक' शब्द दिसला तर बरं वाटू द्या : तिथं काम लिहून सोपवतात, सगळ्यांनी एकाच वेळी हजर असावं लागत नाही. तरी मीटिंगा किती आणि कधी, हे विचाराच.

तिसरा प्रश्न सगळ्यात महाग. 'कॉन्ट्रॅक्टर' म्हणून घेतलं तर महिन्याचा आकडा मोठा दिसतो, पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, आगाऊ कर आपणच भरायचा आणि आरोग्य विमाही आपणच काढायचा. 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' असेल तर काम परदेशी कंपनीचं, पण कागदोपत्री नोकरी इथल्या एका मधल्या कंपनीत, इथल्या कायद्यानं. पगारपत्रक आणि पीएफसकट. दोन्ही आकडे शेजारी मांडून वजाबाकी केल्याशिवाय हो म्हणू नका. आणि घरबसल्या कामासाठी कुणी आधी पैसे मागितले, नोंदणी म्हणा नाहीतर अनामत, तर तिथं विग्रह करत बसू नका. सरळ फोन ठेवा.

आता मी न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीचं काम अशा मधल्या कंपनीमार्फत करते. मुलाखतीतच मी सांगितलं, "रात्री आठ ते साडेआठ मी नसेन. आईचं जेवण आणि औषधं असतात." सांगताना आवाज कापत होता. वाटलं, गेली ही पण. ते म्हणाले, "ठीक आहे." मी म्हटलं, "लेखी द्या." त्यांनी दिलं. पगार पुण्यातल्यापेक्षा कमी आहे, ते मी वजाबाकी करूनच स्वीकारलं.

आपल्यापैकी काहीजणी मुलांसाठी सोडलेली नोकरी पुन्हा शोधताहेत, काहींच्या घरी आईवडील थकलेत, काहींची मुलं पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर आहेत. सही करण्याआधी करारपत्र घेऊन माझ्याकडे या. संध्याकाळी साडेसहाच्या आत या, म्हणजे निवांत बसून वाचू. आई आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते, चहा तीच करते.

आणि बाई, आज तुम्ही समोर आहात म्हणून सांगते : मीठ, भाकर वगैरे. अर्धा गुण वाढवून द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.