सासूबाईंचं घंगाळ

आपल्या भोर-वेल्ह्याच्या बायका पुण्याला कशाला जातात? दवाखाना, मार्केट यार्ड, मुलांचं अॅडमिशन. नुसतं बघायला म्हणून कोण जातं? मागच्या रविवारी आमच्या घरची सहा माणसं गेली होती. आज त्याचंच सांगायचं आहे.

खर्चाची भीती आधी काढून टाकू. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. सासूबाई त्यात बसतात. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. भाकरी-चटणी घरून बांधून घेतली होती. भोरहून सकाळची गाडी धरली, स्वारगेटला उतरलो आणि रिक्षाने शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. गुडघे दुखणाऱ्यांना सांगते, आत जिने आहेत, बेताने चढा.

हे संग्रहालय उभं केलं दिनकर गंगाधर केळकरांनी. त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता, शिवाय ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहायचे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी हे नाव. गावोगाव फिरून त्यांनी वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. वीस हजारांच्या आसपास वस्तू झाल्या आणि पुढे त्यांनी तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्हाला वाटलं होतं तलवारी, राजेरजवाडे असतील. ते आहेच, मस्तानीच्या महालाचा भागही तिथे आणून पुन्हा उभा केलाय. पण सासूबाई थबकल्या त्या अडकित्त्यांपुढे. पुढे दिवे, स्वयंपाकघरातली भांडी, पाय घासायच्या पितळी वज्र्या. त्या म्हणाल्या, “अगं, हे आपल्या घरातलं इथं कुणी आणलं?”

मग पाटी वाचायचं काम नातीचं आणि सांगायचं काम आजीचं. वज्री कशी धरायची, चिखलणीहून आल्यावर भेगांतला चिखल कसा निघायचा, सगळं हातवारे करून. शेजारी उभी असलेली शहरातली दोन मुलंसुद्धा ऐकायला थांबली. सासूबाईंचं माहेर वेल्ह्याकडचं, म्हणजे आता राजगड तालुका. ते गाव धरणात गेलं. भांडी डोक्यावरून आणली, पण जातं जड म्हणून तिथंच राहिलं. हे आम्ही लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी सारसबागेत गेलो. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेतलं, बाहेर सावलीत शिदोरी सोडली. पलीकडच्या पेशवे पार्कात १९५६ सालापासूनची फुलराणी गाडी आहे, त्यासाठी धाकट्याने हट्ट धरला. आमच्या मालकांना लहानपणी तिथे पाहिलेला वाघ आठवला. ते प्राणी आता कात्रजला आहेत, ते पुढच्या खेपेला.

आता खरी गोष्ट. आमच्या पडवीत सासूबाईंच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ आहे. थोरल्याची आयटीआयची फी जवळ आलेली, म्हणून ते मोडीत द्यायचं ठरत आलं होतं. किलोचा भावही विचारून झाला होता. “न्या, पडून तर आहे,” असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. परतीच्या गाडीत मात्र त्या हळूच बोलल्या, “घंगाळ राहू दे.” मालक गप्प झाले. त्यांचंही चुकत नव्हतं, फीची तारीख काही थांबणार नाही.

आम्ही गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी ठेवली. फीसाठी कर्ज देतो, मग भांड्यासाठी का नाही, असं एकीने हसत विचारलं. कर्ज फीसाठीच होतं, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. हप्ते दहा ठरले. व्याज गटातच राहतं, मोडवाल्याला दिलेलं तांबं परत येत नाही. त्याच बैठकीत ठरलं की पुढच्या वेळी प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि ती कुणी, कशासाठी वापरली ते सांगायचं. लिहून घेणार आमची मुलगी. तिने वहीत पहिलं पान घंगाळाचं केलंय. दुसऱ्या पानावर जातं आहे, चित्र काढलंय आजीला विचारून, खुंटा कुठल्या बाजूला होता इथपर्यंत.