कान जपा, माणसे जोडा



आम्ही बँकेत कारकून आहोत, डॉक्टर नव्हे. आमच्या काउंटरवर वृद्ध गिरणी कामगार येतात. त्यांची उमेदीची वर्षे साचेखात्यात गेली. आम्ही नाव पुकारतो, त्यांना ऐकू जात नाही आणि रांगेतले लोक हसतात. हे बहिरेपण केवळ वयाचे नाही, साच्यांच्या खडखडाटाचेही आहे.

आपल्या अंतर्कर्णात केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात ८ तास काम, ही मर्यादा मानली जाते. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! मग जयंतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर लेकराला खांद्यावर घेऊन तासन्‌तास नाचणे कितपत योग्य, याचा तरुणांनी विचार करावा. कानात हेडफोन घालणाऱ्यांनीही आवाज कमी ठेवावा.

मुलाचा कान वाहत असेल तर तेल घालू नका, काडी-पिन फिरवू नका, डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनीही ऐकू कमी येऊ शकते, म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. अचानक ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्याला ऐकू येत नाही, तो हळूहळू सभेत येणे सोडतो, घरातही एकटा पडतो. त्याला हसू नका; समोर बसून सावकाश बोला.