सुरतेची शिरगणती आणि मराठी घर



मराठी माणसाला सुरत आठवते ती दोन प्रसंगांनी. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी केलेल्या स्वाऱ्या हा पहिला. डिसेंबर १९०७ मध्ये जहाल-मवाळांच्या वादात उधळले गेलेले काँग्रेसचे अधिवेशन हा दुसरा. दोन्ही वेळा मराठी माणूस सुरतेस आला आणि आपले काम आटोपून परत गेला. येथे राहावयास आलेल्या मराठी माणसाची हकीकत मात्र इतिहासग्रंथांत फारशी मिळत नाही. ती जनगणनेच्या कोष्टकांत, आगगाडीच्या वेळापत्रकात आणि महानगरपालिकेच्या शाळांच्या पटावर शोधावी लागते. आजचा विषय तोच आहे. आकडे रूक्ष असतात ही तक्रार जुनी आहे. पण ग्रंथालयाला आपला उद्याचा वाचक कोण, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर या रूक्षतेला इलाज नाही.

१९०१ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती सुमारे १ लाख १९ हजार होती. मोगल काळातील हे वैभवशाली बंदर तेव्हा उतरणीला लागून दीड-दोन शतके झाली होती. तापीचे मुख गाळाने भरत गेले, व्यापार मुंबईने ओढून नेला आणि १८३७ सालच्या आगीने व पाठोपाठच्या पुराने उरलेसुरले कंबरडे मोडले. १९५१ साली वस्ती २ लाख २३ हजार झाली. म्हणजे जवळजवळ दुप्पट होण्यास अर्धशतक लागले. १९६१ सालीही ती तीन लाखांच्या आतच होती. त्यानंतरचे आकडे शहर आणि त्याला लागलेली वस्ती मिळून असे आहेत: १९७१ साली ४ लाख ९३ हजार, १९८१ साली ९ लाख १४ हजार, १९९१ साली १५ लाख १९ हजार, २००१ साली २८ लाख ११ हजार आणि २०११ साली ४५ लाख ९१ हजार. साठ वर्षांत वीसपट!

या वाढीतील काही भाग हद्दवाढीचा आहे, हे विसरून चालणार नाही. २००६ साली महानगरपालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरांवरून ३२६ वर गेली, २०२० साली ती आणखी वाढून सुमारे ४६२ झाली. कालपर्यंत जी खेडी होती, ती कागदावरच्या एका रेघेने शहर बनली. परंतु ती खेडीही रेघ पडण्यापूर्वीच कामगारांच्या चाळींनी भरून गेली होती. तेव्हा रेघ वस्तीच्या मागून आली, हेच खरे.

अशा वाढीची जगातील दुसरी उदाहरणे पाहू गेल्यास अमेरिकेतील नेवाडा हे राज्य डोळ्यांपुढे येते. १९४० साली तेथील वस्ती १ लाख १० हजार होती, म्हणजे १९०१ च्या सुरतेहूनही कमी. २००० साली ती जवळजवळ २० लाख झाली. साठ वर्षांत अठरापट. १९६० पासून २०१० पर्यंत सलग पाच दशके अमेरिकेतील सर्वाधिक वेगाने वाढणारे राज्य हेच होते. वाळवंटात कोलोरॅडो नदीचे पाणी अडविले गेले, आणि जुगारगृहे व पर्यटन यांवर लास व्हेगास उभे राहिले. तेथे कुटुंबेच्या कुटुंबे आली. निवृत्त वृद्धही आले. पण एकाच धंद्यावर पोसलेली समृद्धी किती ठिसूळ असते, हेही तेथेच दिसले. २००८ च्या मंदीनंतर त्या राज्यात हजारो घरांवर जप्ती आली, आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने जुगारगृहे बंद होताच बेकारीत नेवाडा साऱ्या अमेरिकेत पहिले ठरले. सुरतेचा संसारही मुख्यतः दोन खांबांवर उभा आहे: कृत्रिम धाग्याचे कापड आणि हिरा.

जरीकाम हा सुरतेचा जुना कसब. त्या कसबाच्या आणि हातमागाच्या पायावर यंत्रमाग आले. नायलॉन, पॉलिएस्टरचा धागा आला, आणि पांडेसरा, सचिन येथील औद्योगिक वसाहतींत रंगाई-छपाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. रिंग रोडवरील कापडबाजारांतून देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत साड्या जाऊ लागल्या. दुसरीकडे पालनपुरी जैन व्यापारी आणि सौराष्ट्रातील पाटीदार कारागीर यांनी हिऱ्याला पैलू पाडण्याचा उद्योग येथे असा रुजविला, की जगातील बहुसंख्य हिरे आज सुरतेच्या घंटीवरून जातात. १९७२ साली उकाई धरण पुरे झाले. हजिऱ्यास खत, वायू, पोलाद आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले. या साऱ्यांना हात हवे होते, आणि तितके हात सुरतेत नव्हते.

ते बाहेरून आले. पण बाहेरून आलेले सारे एकाच प्रकारे आले नाहीत, आणि सुरतेच्या समाजरचनेची किल्ली या फरकात आहे. ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा तरुण दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून येतो तो एकटा. यंत्रमागाच्या खात्यात बारा-बारा तासांची पाळी करतो आणि खानावळीच्या खोलीत असे अंथरूण वापरतो, की जे दिवसा एकाचे व रात्री दुसऱ्याचे असते. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून येणाऱ्यांचीही पुष्कळ अंशी हीच तऱ्हा. त्याचा परिणाम जनगणनेत उघड दिसतो. २०११ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या, गुजरात राज्यात ९१९. सुरत जिल्ह्यात मात्र अवघ्या ७८७. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील या फिरत्या मजुरांचा अभ्यास अनेक वर्षे केला. शहराला त्यांचे श्रम हवे असतात, पण त्यांना शहर आपले म्हणत नाही, हे त्यांच्या लेखनातून पुनःपुन्हा समोर येते.

खानदेशी माणूस येथे वेगळा पडतो. त्याच्या येण्याला रस्ता तयार होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी व्हॅली रेल्वेने सुरतेला नंदुरबार, अमळनेर या गावांशी आणि पुढे जळगावशी जोडले. मूळ हेतू कापूस वाहण्याचा होता. पुढे याच मार्गाने माणसे वाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळाने खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याला आणि शेतमजुराला गाव सोडावयास लावले. तिकडील जुन्या कापडगिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि मागाची सवय असलेले हात रिकामे झाले. सुरतेत माग वाढत होते. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाने आपली माणसे पॉलिएस्टर विणावयास पाठविली, हा आर्थिक इतिहासातील एक विचित्र योगच म्हणावयाचा.

गाव एका रात्रीच्या अंतरावर असल्याने खानदेशी माणसाला एकटे राहण्याची सक्ती नव्हती. आधी तो आला, मग धाकटा भाऊ, मग मेहुणा; आणि वर्षा-दोन वर्षांत बायको-मुले आली. लिंबायत, उधना, नवागाम, दिंडोली या भागांत घरे झाली. पुरुष मागावर किंवा रंगाईच्या गिरणीत, आणि बाई घरी बसून साड्यांना लेस लावते, खडे चिकटवते, धागे कापते. ही घरबसल्या मजुरी नगावर मिळते, आणि कोणत्याही ताळेबंदात ती धड मोजली जात नाही. तरीही मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च पुष्कळदा याच मजुरीतून निघाला आहे. लग्नसराईत आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, भुसावळकडील गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. हा मार्ग आता दुहेरी झाला आहे, पण गर्दी काही ओसरलेली नाही.

कुटुंब आले की शाळा लागते. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. महाराष्ट्राबाहेरील किती नगरपालिका आपल्या खर्चाने मराठी शाळा चालवितात, याचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. मतांच्या हिशेबातही खानदेशी समाज स्थिरावला. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील २००९ पासून नवसारी मतदारसंघातून सलग चार वेळा लोकसभेवर गेले. लिंबायत आणि उधना हे सुरतेचे भाग याच मतदारसंघात येतात. ज्या शहरातून मराठी माणूस एकेकाळी खंडणी घेऊन परत फिरला, तेथे तो आता मतदारयादीत आहे.

संकटांच्या वेळी मात्र ही स्थिरता किती खोल गेली आहे, याची परीक्षा झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील मामला गावीही प्लेगचे रुग्ण आढळले होते. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी झाडलोट, गटारे आणि अतिक्रमणे यांकडे असे काही लक्ष दिले, की १९९६ पर्यंत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव वर आले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने शहर बुडाले. २००८ मध्ये हिरे बाजार कोसळला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेले परप्रांतीय कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरत डायमंड बोर्स या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले, तेही हिऱ्याला उतार लागला असताना. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा घंटीवर बसणाऱ्या कारागिराच्या घरी त्याची धग लगेच पोहोचली. यातील प्रत्येक खेपेस माणसे गेली आणि परत आली. खानदेशी घरातून बहुधा एखादाच गेला; चूल येथे पेटती राहिली.

आता ग्रंथालयाच्या आस्थेचा प्रश्न. या मराठी घरांत वाचक किती?

सुरतेशी मराठी अक्षराचा संबंध जुना आहे. १८४४ साली येथे मानवधर्मसभा निघाली, तिच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहतांबरोबर मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. पूर्वेकडील सोनगडचा किल्ला हे गायकवाडांचे पहिले ठाणे, आणि त्यांच्याच घराण्यातील सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून ग्रंथालयांचे जाळे विणले. १ मे १९६० पर्यंत सुरत मुंबई राज्यातच होती. कचेरीत, न्यायालयात, शाळेत मराठी कारकून, वकील, शिक्षक होते. गुजरातेतील जुन्या मराठी ग्रंथालयांची कपाटे या वर्गाच्या रुचीने भरली. हा वर्ग पुढे विरळ झाला. यंत्रमागावरील वर्ग वाढला. शहरातील मराठी वस्ती वाढत असता मराठी वाचक कमी होताना दिसतो, याचे कारण मराठी माणसाच्या उदासीनतेत शोधणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वाढलेली वस्ती आणि जुना वाचक ही दोन वेगळी माणसे आहेत. जे वाचनालय रात्री आठला दार लावते, त्याच्या पायरीपर्यंत बारा तासांची पाळी करून सुटलेला माणूस पोहोचणार कसा?

शिवाय भाषेचाही एक गुंता आहे. या घरांत बोलली जाते ती बहुधा अहिराणी. जनगणनेत अहिराणी ही मराठीखाली न धरता ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली धरली जाते. २००१ साली साऱ्या देशात खानदेशी भाषकांची संख्या २० लाख ७५ हजार होती, २०११ साली ती १८ लाख ६० हजार नोंदली गेली. खानदेशात आणि सुरतेत माणसे वाढत असता हा आकडा घटला. बोली दहा वर्षांत एवढी आटली, असे मानण्यापेक्षा पुष्कळांनी ‘मराठी’ असे लिहून दिले, हेच अधिक संभवनीय. पुढची पिढी गुजराती वा इंग्रजी शाळेत जाते, गल्लीत हिंदी बोलते, आजीशी अहिराणी. तिला मराठी लिपी वाचता येते, कारण ती हिंदीचीही लिपी आहे. पण मराठी पुस्तक तिच्या हाती कोणी दिलेले नसते. अहिराणीतील गाणी-कथांची पुस्तके, गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून गुजरातीत आलेली भाषांतरे, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके, आणि मुलांसाठी मोठ्या टाइपातील गोष्टी: या चार प्रकारांना जुन्या कादंबऱ्यांच्या शेजारी जागा करून द्यावयास हवी. नियतकालिकांच्या वर्गणीत काटकसर करून ती करता येईल. रविवारी लिंबायत किंवा दिंडोलीतील एखाद्या शाळेच्या खोलीत पेटी-वाचनालय नेणे हे त्याहूनही स्वस्त आहे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२५ साली निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे ती २०२७ ची ठरली. प्रगणक दारात उभा राहून प्रत्येकाची मातृभाषा विचारतो, आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही लिहून घेतो. दिंडोलीतील एखाद्या घरात आजी अहिराणी सांगेल, मुलगा मराठी, आणि नातवाला विचारण्याआधीच त्याचा बाप त्याच्या वतीने काहीतरी सांगून मोकळा होईल. मातृभाषेचा रकाना माणशी एकच असतो.